रामकिसन पाणबुड्या आणि पायल मॅडमची दोन बोटं

धावड्याच्या पंचक्रोशीत कुणी पाण्यात बुडालं की पहिला फोन पोलिसांना जात नाही, रामकिसनला जातो. फोन नव्हते तेव्हा माणूस सायकल दामटत यायचा आणि अंगणातूनच ओरडायचा, "रामकिसनभाऊ, चला जल्दी!" रामकिसन हातातला घास ताटात ठेवून उठायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

त्याचा खरा धंदा विहिरीतल्या मोटारींचा. मोटार जळाली, फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला, पाइप निखळला, की भोकरदन तालुक्यातले शेतकरी त्यालाच बोलवत. कमरेला दोर बांधून तो खाली उतरायचा, श्वास कोंडून तळाशी जायचा आणि अंधारात नुसत्या बोटांनी नट सैल करायचा. पाणी त्याला वाचता येई. रंगावरून खोली सांगायचा, पाण्याच्या गारव्यावरून झरा कुठं आहे ते सांगायचा.

ज्या विहिरींच्या पोहऱ्याला त्याच्या आज्याला हात लावता येत नव्हता, त्याच विहिरींचा तळ नातू पाहून येत होता. कुणी हे बोलून दाखवलं तर रामकिसन हसून म्हणायचा, "पाण्यात कुठं काय राहतंय? जे हाय ते काठावर."

पहिलं प्रेत त्यानं काढलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढं किती काढली ते त्यानं कधी मोजलं नाही. पण त्याची एक रीत होती, आणि ती फार थोड्यांना ठाऊक होती. वर आणण्याआधी तो पाण्यातच त्या माणसाचे कपडे नीट करायचा. बाईमाणूस असेल तर पदर अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा. काठावर शंभर डोळे वाट बघत असतात, आणि गेलेल्या माणसाला स्वतःचं अंग झाकता येत नाही, एवढाच त्याचा हिशोब. वर आल्यावर लोक त्या घरच्यांभोवती जमत. रामकिसन कडुनिंबाखाली एकटाच बसून अंग पुसायचा, मग मोटारसायकलला किक मारून घरी. बायको गिरिजाबाई दारातच पाण्याची बादली ठेवून असायची. ती विचारायची नाही, तो सांगायचा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलपर्यंत हे निभावलं.

गावाच्या वरच्या अंगाला राधेश्याम आणि शालू यांचं मिरचीचं रान आहे. मिरचीसाठी त्यांनी शेततळं केलेलं. मोठा चौकोनी खड्डा, आत प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेली, त्यावर दोन पुरुष पाणी. पन्नीवर शेवाळ धरलं की ती साबण लावल्यासारखी होते. पट्टीचा पोहणारा आत पडला तरी काठ चढून वर येऊ शकत नाही. त्यांची नऊ वर्षांची साक्षी भरदुपारी बाटली भरायला वाकली आणि आत गेली.

रामकिसन त्या वेळी दुसऱ्याच्या विहिरीत पाइप जोडत होता. सदरा काठावर, फोन सदऱ्याच्या खिशात. वर येऊन बघतो तर सात मिस कॉल. पहिला वीस मिनिटांपूर्वीचा. ओल्या अंगानं तो मोटारसायकलवर बसला. पोचला, उडी मारली, पोरीला उचललं आणि खांद्यावर घेऊन पन्नी चढू लागला. घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा नखं रुतवून बघितली, तरी घसरलाच. मग कुणीतरी दोर टाकला. पोरीत जीव नव्हता.

त्या दिवसापासून रामकिसनचं काहीतरी बिनसलं.

आधी गिरिजाबाईच्या लक्षात आलं ते न्हाणीत. डोक्यावरून पाणी घेताना तो डोळे मिटेना. साबणाचा फेस डोळ्यांत जायचा, डोळे लालभडक व्हायचे, तरी मिटायचे नाहीत.

"अवो, मिटा की डोळे! आंधळे व्हायचं हाय का?"

"मिटले की हिरवं दिसतं," तो एवढंच म्हणाला.

मग मोटारींची कामं गेली. विहिरीच्या काठावर जाऊन तो परत यायचा, मालकाला सांगायचा, पाठ धरली. नवी पन्नी उन्हात तापली की एक वास सुटतो. तो वास दुकानात आला, रस्त्यात आला, एकदा तर लग्नाच्या मांडवातल्या ताडपत्रीचा आला, आणि रामकिसन जेवणाच्या पंगतीतून उठून चालता झाला. राधेश्यामच्या रानावरून जाणारी वाट त्यानं सोडली आणि दोन किलोमीटरचा फेरा धरला. पाण्याचा फोन आला तर तो गिरिजाबाईच उचलायची, "तब्येत बरी न्हाई" म्हणून ठेवायची. गावात लोक म्हणू लागले, रामकिसन भ्याला. कुणी म्हणालं, तळ्यातलं काहीतरी त्याच्या मागं लागलं. त्यानं दोन्ही ऐकून घेतलं.

दिवाळीनंतर एका सकाळी शालू त्याच्या दारात आली. सहा वर्षांचा सूरज, साक्षीचा भाऊ, तिचं बोट धरून उभा होता.

"रामकिसनभाऊ," ती म्हणाली, "याला पवायला शिकवा. तळं तर बुजवता येत न्हाई, मिरची जगवायची हाय. निदान याला तरी पाणी कळू द्या."

रामकिसननं त्या पोराकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाच ओळखू आलं नाही. "माझ्या दारात यायचं न्हाई पुन्हा! जा, जा इथून!"

पोरगं रडू लागलं. शालू त्याला जवळ ओढून वळली. गिरिजाबाई बाहेर धावली तोवर नवरा घरामागं भिंतीला टेकून बसला होता. तो उजवा खांदा सारखा पुसत होता, जणू तिथं काही सांडलं आहे. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचा चढा आवाज ऐकला नव्हता. तिनं फोन उचलला आणि जालन्याला मुलाला लावला.

मुलगा संघपाल जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. त्यानं आईचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माय, आमच्या इथं संपत हाय बघ. त्याच्यासमोर एकाला तापल्या सळईनं भाजलं. तवापासून कुठं लोखंड वाजलं की संपत जागीच बसायचा. मंग तो एका मॅडमकडं गेला. आता बराबर ड्युटी करून राह्यला. बाबांना घेऊन ये."

"मॅडम काय औषध देती?"

"औषध न्हाई. डोळे हालवायला लावती."

हे ऐकून रामकिसन कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसला. "डोळे हालवून बरं होत असतं तर कोंबडीला कसलंच दुखणं आलं नसतं." पण गिरिजाबाईनं पिशवी भरली होती. सकाळच्या एसटीनं दोघं भोकरदन, राजूर करत जालन्याला उतरली.

पायल मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या. मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेल्या आणि ईएमडीआर नावाच्या उपचाराचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या. एका संस्थेच्या केंद्रात त्या मंगळवारी बसत. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि खडखडणारा पंखा. रामकिसन खुर्चीच्या अगदी काठावर बसला.

"मॅडम, आधीच इचारतो. हे मोहिनी घालणं वगैरे तर न्हाई ना?"

"नाही काका. तुम्ही पूर्ण जागे असाल. मी तुमच्या मनात काही घालणार नाही आणि तुम्हाला सांगायचं नाही ते विचारणार नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर नुसता हात वर करा, मी तिथंच थांबेन."

"अन् डोळे हालवल्यानं काय होतं?"

पायलनं जरा विचार केला. "एखादा फार भयंकर प्रसंग घडला की त्याची आठवण नीट जागेवर बसत नाही. ती मागं जातच नाही, जणू आत्ताच घडतंय अशी समोर राहते. ती आठवण मनात धरून डोळे इकडून तिकडं फिरवले, तर मन दोन कामांत वाटलं जातं आणि चित्राची धार कमी होते. मग त्याच प्रसंगातल्या बाकीच्या गोष्टी मनाला दिसू लागतात. बऱ्याच लोकांना याचा गुण येतो, हे तपासून पाहिलेलं आहे. पण नेमकं आत काय होतं, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. मलाही पूर्ण माहीत नाही."

स्टँडवर सोडायला आलेल्या संघपालनं विचारलं, कशा वाटल्या मॅडम? रामकिसन म्हणाला, "भरवशाची बाई हाय. तळ म्हाईत न्हाई तर म्हाईत न्हाई म्हणली. काठावरून खोली सांगणारेच माणसाला बुडवत्यात."

पहिल्या तीन मंगळवारी बोटं हललीच नाहीत. मॅडमनी त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं: झोप, काम, लहानपण, एकोणिसाव्या वर्षीचं ते पहिलं प्रेत. मग म्हणाल्या, "जिथं तुम्हाला बरं वाटतं अशी एक जागा आठवा. फार घाबरायला झालं तर तिथं जाऊन थांबता आलं पाहिजे."

रामकिसनला जागाच सुचेना. त्याच्या सगळ्या जागा पाण्याजवळच्या. शेवटी म्हणाला, "मोटार बसवून वर आलो की मालक बटण दाबतो. पाणी लगेच येत न्हाई. मी पाइपावर हात ठेवून उभा राहतो. आधी पाइप थरथरतो. पाणी येऊन राह्यलं हे हाताला आधी कळतं, डोळ्याला मागून. ते लई बरं वाटतं."

"मग तोच पाइप," मॅडम म्हणाल्या.

चौथ्या मंगळवारी त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "त्या दुपारचं सगळ्यात वाईट चित्र कोणतं?"

"दोर यायच्या आधीचं. मी घसरून राह्यलो अन् तिचं डोकं माझ्या खांद्यावर."

"ते बघताना स्वतःबद्दल काय वाटतं?"

"मी उशीर केला. माझ्यामुळं गेली."

"त्याऐवजी काय म्हणता आलं असतं तर बरं?"

पंखा बराच वेळ खडखडला. "जमलं तेवढं केलं, असं. पण ते खोटं हाय."

"शून्य ते दहात त्रास किती?"

"अकरा."

"शरीरात कुठं जाणवतो?"

त्यानं उजव्या खांद्यावर हात ठेवला. "इथं. वल्लं वाटतं. अजूनबी."

मॅडमनी दोन बोटं त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरवू लागल्या. डोकं स्थिर, नुसते डोळे बोटांमागं. पंचवीस-तीस फेऱ्या झाल्या की थांबायच्या. "श्वास घ्या. काय आलं?" तो सांगायचा, हिरवं. पुन्हा बोटं. "आता?" वास. पुन्हा. "आता?" आणि अचानक त्याला तीस वर्षांतले चेहरे एकामागून एक दिसू लागले. ज्यांचे पदर त्यानं नीट केले ते सगळे. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी डोळे बोटांमागं फिरतच होते. त्यानं हात वर केला. मॅडम थांबल्या. त्याला मनानं पाइपापाशी नेलं, पायांखालची फरशी जाणवू दिली, आणि तो पुरता सावरल्यावरच खोलीबाहेर सोडलं. आठवडाभर काही विचित्र वाटलं तर फोन करा, असंही बजावलं.

तो आठवडा वाईट गेला. स्वप्नं पडली, जेवण जाईना. शुक्रवारी त्यानं जाहीर केलं, "मी जाणार न्हाई. बाईनं नुसती खपली काढून ठेवली."

गिरिजाबाई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मोटार अर्धी वर काढून कुणी सोडतं का?"

रामकिसन उठून एसटीच्या भाड्याचे पैसे मोजू लागला.

पाचव्या मंगळवारी पुन्हा तेच चित्र, पुन्हा बोटं. चार-पाच वेळा असं झाल्यावर रामकिसनच्या कपाळावर आठी पडली.

"काय आलं?"

"पाणी."

"कसं?"

"निवळ होतं." त्याचा आवाज बदलला. मोटारीचं काम बघायला आलेला रामकिसन बोलू लागला. "मॅडम, त्या तळ्यात बोटभर शेवाळ हाय. लेकरू पडलं, हातपाय मारले, की सगळं ढवळून वर येतं. ते खाली बसायला पाऊण तास तरी लागतो. मी उडी मारली तवा पाणी निवळ होतं. वरूनच मला तिचा फ्रॉक दिसला. मी सरळ खाली गेलो, शोधावंबी लागलं न्हाई."

"यावर थांबा," असं म्हणून मॅडमनी पुन्हा बोटं फिरवली.

थांबल्या तेव्हा रामकिसन दोन्ही हात मांडीवर टाकून बसला होता. "मला पहिला फोन आला तो वीस मिनिटं आधी. त्याच्याबी लई आधीच ती गेल्ती. तो पहिला फोन उचलला असता तरी..." त्यानं तळव्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "तीस वर्षं दुसऱ्यांचं पाणी वाचतो मी. हे माझ्याच डोळ्यांनी बघितलं होतं अन् मलाच दिसलं न्हाई."

मॅडमनी हे त्याला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगता आलंही नसतं, कारण शेवाळ किती वेळात बसतं हे त्यांना कुठं ठाऊक? ते त्याच्याजवळच होतं, भीतीच्या मागं दडलेलं.

लगेच सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. आणखी पाच मंगळवार लागले. त्रास सहावर आला, एकदा पुन्हा आठवर गेला, मग तीन, मग एक. वासाचं वेगळं काम करावं लागलं. शेवटच्या भेटीत मॅडमनी विचारलं, "जमलं तेवढं केलं, हे आता किती खरं वाटतं?"

"बिलकुल खरं."

"आणि साक्षी आठवली की?"

"वाईट वाटतं. वाटणारच. पोरगी गेली हो. पण ती तवा गेली. आज जाऊन राह्यली असं न्हाई वाटत." त्यानं खांद्यावर हात फिरवून बघितला. "सुकलं."

धावड्याला उतरला तो घरी न जाता थेट राधेश्यामच्या रानाच्या वाटेला लागला. शालू मिरची तोडत होती. तो बांधावर उभा राहिला.

"ताई, त्या दिवशी तुमच्यावर वरडलो. माफी मागायला आलो."

शालूनं हातातली पाटी खाली ठेवली. "तुमचं काय चुकलं, भाऊ? चूक माझी. ती दिसंना म्हणून मी आधी घरात हुडकत बसले. आधीच तळ्याकडं पळाले असते तर..."

म्हणजे तोच काटा तिच्याही पायात होता. रामकिसन बांधावर बसला आणि त्यानं तिला पाण्याबद्दल सांगितलं, जपून, एकेक शब्द तोलून. "बुडणारं लेकरू आवाज करत न्हाई, ताई. वरडायला श्वास लागतो. दोन-चार मिनिटांचा खेळ असतो. तुम्ही शेजारच्या सरीत असत्या तरी ऐकू आलं नसतं." शालू मिरचीच्या झाडांमध्ये खाली बसली आणि मोकळं रडली. तो तिथंच थांबला. उठताना त्यानं पायल मॅडमचा नंबर तिला दिला. पुढच्या महिन्यात ती जालन्याला जाऊन आली, मग जात राहिली. तिचं काय झालं, किती झालं, ते रामकिसननं विचारलं नाही.

त्यानं दोन कामं हाती घेतली. गावातल्या प्रत्येक शेततळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले, फुगवलेल्या ट्यूब बांधल्या. एका मालकानं कुरकुर केली तर म्हणाला, "दोर माझा, गाठ माझी, तुमचं काय जातं?" आणि दुसरं काम, दर रविवारी सकाळी पाटलांच्या पायऱ्यांच्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवायचं. पहिल्या रविवारी एकटा सूरज आला, पाठीला रिकामा कॅन बांधून. चौथ्या रविवारी अकरा पोरं होती, त्यांतल्या सहा मुली, गावाच्या दोन्ही टोकांच्या. पोरं पाण्यात एकमेकांच्या खांद्यांना धरून रांग करतात आणि कोण कुणाचं ते वरून ओळखू येत नाही. हात मारायच्या आधी तो त्यांना पाठीवर निपचित तरंगायला शिकवतो. "घाबरला तो दमला, दमला तो बुडाला," हे त्याच्या शाळेतलं पाठ करायचं एकमेव वाक्य.

पाण्याचे फोन पुन्हा येऊ लागले आणि रामकिसन पुन्हा जाऊ लागला. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावी एका म्हाताऱ्याला काढून आला. कपडे नीट करूनच वर आणलं. घरी येऊन अंग धुतलं, डोळे मिटून, डोकं चोळून. मग ओसरीवर बसून गिरिजाबाईला सगळं सांगितलं: विहीर कशी होती, म्हाताऱ्याच्या हातात काठी अजून कशी घट्ट होती, त्याची सून कशी रडली. मॅडमनीच बजावलं होतं, आत ठेवायचं नाही. गिरिजाबाई मेथी निवडत ऐकत राहिली.

तो थांबल्यावर म्हणाली, "मला तीस-बत्तीस वर्षं झाली या गावात पाणी भरून. मला कुठं येतं पवायला?"

"तुला?"

"का? कॅन माझ्या पाठीला बांधायचा न्हाई का?"

पुढच्या रविवारी कासोटा घालून गिरिजाबाई पायऱ्या उतरली. पोरं टाळ्या पिटू लागली. गुडघाभर पाण्यात ती थबकली, गार पाण्यानं तिचा श्वास अडकला, आणि तिनं नवऱ्याला असा एक शब्द हासडला की पोरं खिदळून पाण्यात पडली. रामकिसननं तिच्या पाठीखाली हात धरला.

"गिरजे, मान सैल सोड. वर आभाळाकडं बघ."

"बघूनच राह्यले," ती दात वाजवत म्हणाली. "तुम्ही बोलू नका. मला मोजू द्या किती येळ तरंगते ते."

सात म्हणेपर्यंत तरंगली. आठला बुडाली, ठसकत वर आली, नाकातलं पाणी शिंकरलं आणि पुन्हा आडवी झाली.